चौदा नंबरचा डबा

डहाणू, १० फेब्रुवारी

दादा,

माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस, म्हणून हा कागद. पोस्टाने पाठवते आहे, निदान पोस्टमनसमोर तरी तुला तो हातात घ्यावा लागेल.

खुशाली विचारत नाही. विचारायची आहे ती एकच गोष्ट. सर्व्हेला तू हो का म्हणालास?

नऊ वर्षांत ज्या भावाने माझ्या लग्नपत्रिकेचं पाकीटसुद्धा स्वीकारलं नाही, तो माझ्याच लॅबचा डबा भरून देतो, यावर कोणीही शहाणं माणूस विश्वास ठेवणार नाही. मी तर नाहीच नाही.

काम काय आहे ते तुला गावच्या आशा सेविका बकुळाताईंनी सांगितलंच असेल. झाई-बोर्डी मिळून वीस घरं. माणूस जे खातो त्यातून किरणोत्सर्गी द्रव्य अंगात किती जातं आणि वर्षाकाठी त्याचा डोस किती बसतो, याचा अंदाज काढायचा. माणसाचं पोट उघडून तर बघता येत नाही. म्हणून दोन वाटा. एक, घरातल्या एका माणसाने दिवसभरात जे खाल्लं, तेवढंच दुसरं ताट आमच्या पांढऱ्या डब्यात भरायचं. दुसरी, त्याची चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये. ताटावरून पुढे जा नाहीतर लघवीवरून मागे जा, पोचायचं एकाच ठिकाणी असतं.

डबे सगळ्यांनी दिले, कॅन द्यायला मात्र सगळे लाजले. विसातून तिघांनी दिले. दोन बोर्डीच्या वाडीतले आणि तिसरा झाईचा, घर नंबर चौदा. वाडीतल्या दोघांचं जुळलं. चौदा नंबरचं जुळत नाही, आणि थोड्याथोडक्याने नाही, सात पटीने. लघवी सांगते की हा माणूस महिनोन्महिने पोलोनियम पोटात घेतो आहे. डबा सांगतो, छे, काहीच नाही.

पोलोनियम म्हटल्यावर लगेच आमच्या अणुवीज प्लांटकडे बोट दाखवू नकोस. ते समुद्रात मुळातच असतं, बाबांच्या आजोबांच्या काळातही होतं. जितकी मासळी बारीक आणि पोटासकट खाल्लेली, तितकं ते जास्त.

आणि डब्यावरच्या कागदात काय लिहिलं होतं? ‘पापलेट, भात, तांदळाची भाकरी. नेहमीचंच जेवण आहे का? होय.’

पापलेट! दादा, आपल्या घरात? बाबांनी धरलेलं प्रत्येक पापलेट बर्फात घालून अच्छाडच्या नाक्यावर गाडीत चढायचं. आपल्या ताटात जवळा, मांदेली, फार तर बोंबील. मी मच्छीमाराची पोर, पण पापलेटची चव मला मुंबईच्या हॉस्टेलात गेल्यावर कळली. तेव्हा ‘नेहमीचंच’ हे दुसऱ्या कोणाला सांग.

डब्यात तू काय घातलंस आणि कॅनमध्ये काय मिसळलंस, ते खरं खरं कळव.

हिना

*

डहाणू, १९ फेब्रुवारी

दादा,

माझंच पत्र उलटं करून पाठवलंस. मागे एवढंच: ‘कसला डबा? कसला कॅन? मी कोणाला काय दिलं नाय.’

वा! म्हणजे चौदा नंबरचा कॅन काय भुताने भरला?

तू विचारशीलच, डब्यावर तर नुसता नंबर असतो, मग चौदा नंबर म्हणजे मी हे हिनाला कसं कळलं. सांगते. नावं आम्हाला कळू द्यायची नाहीत असा नियम आहे. यादी बकुळाताईंच्या पिशवीत असते. एकदा त्या गाडीतून पाणी प्यायला उतरल्या आणि मी पिशवी उघडली. ‘घर १४, कुटुंबप्रमुख देवजी’. एवढं वाचलं आणि पिशवी बंद केली. हे साहेबांना कळलं तर माझी नोकरी राहणार नाही. तुझ्या हातात माझ्याविरुद्ध आता एक कागद आहे, खूश हो.

मी तीन शक्यता मांडून बघितल्या. पहिली, तू पुन्हा बिडी ओढायला लागलास. तंबाखूतही पोलोनियम असतं. पण बाबा गेले त्या दिवशी तू बिडीचं बंडल खाडीत फेकलंस ते मी बघितलंय, आणि तू फेकलेली वस्तू परत घेत नाहीस. बहिणीला परत घेतलं नाहीस तर बिडीला काय घेणार! दुसरी, एका दिवसाचं ताट वेगळं पडलं. तसं होतं. पण तसं असतं तर कागदावर ‘नेहमीचंच’ लिहिलं नसतं. तिसरी, तू मुद्दाम गोंधळ केलास. आमचे आकडे खोटे पडावेत, म्हणजे उद्या गावात छाती पुढे काढून सांगता यावं की या लोकांना मोजताच येत नाही.

तिसरी मला पटते. का पटते तेही सांगते.

बाबांच्या बाराव्याला अंगणात सगळी आळी बसली होती. तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, ‘बाबाच्या पोटात गाठ कशानं झाली? तुझ्या लोकांमुळं?’ मी उत्तर दिलं. त्या उत्तरात दशांश चिन्ह होतं आणि त्यानंतर तीन शून्यं. तू म्हणालास, ‘बापाचं मरण विचारलं तर ही शून्यं सांगते.’ आणि माझी बॅग तू स्वतः रस्त्यावर आणून ठेवलीस. वहिनी दारात उभी होती, तिच्या हातात ताट होतं. मी जेवले नव्हते. त्यानंतर तुमच्या घरचं पाणीही माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

मी सांगितलेला आकडा बरोबर होता. आजही बरोबर आहे. पण तो तिथे सांगायची गरज नव्हती, हे मला बस डहाणूला पोचेपर्यंत कळलं होतं. पुन्हा येऊन सांगायची हिंमत मात्र झाली नाही.

म्हणून म्हणते, सूड घ्यायचा तर माझ्यावर घे. नमुन्यावर घेऊ नकोस.

हिना

*

डहाणू, २ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही, ते मी धरूनच चालले होते. आज वेगळ्याच कारणाने लिहिते आहे.

कुणीतरी मला सांगितलं की बोर्डीच्या नाक्यावर वहिनीच्या टोपलीला आठ दिवस गिऱ्हाईक नाही. शेजारणींचा जवळा, बोंबील सगळं उठतं, आणि हिची टोपली भरली तशीच परत झाईला जाते. वाडीतल्या बायका म्हणतात, ‘तिच्या घरात किरणं निघाली.’ तुझ्या लेकीला, हेतलला बघायला येणार होते त्या उमरगावच्या लोकांनीही म्हणे तारीख पुढे ढकलली.

हे बाहेर गेलं कसं? मी कोणाला सांगितलेलं नाही. बकुळाताईंचाच मला संशय आहे. त्यांना बाजारात दहा मिनिटं उभं केलं तर पालघरपर्यंत बातमी पोचते. नाहीतर तूच बोलला असशील, माझी पत्रं नाक्यावर वाचून दाखवली असशील. तुझा काही नेम नाही.

ज्या घरात आकडा जास्त आला, त्या घरात विष नाही. एवढं तरी वहिनीला सांग. समुद्रावर जगणाऱ्या कुठल्याही घरात तो शहरातल्यापेक्षा जास्तच येतो. माणसाला जमिनीतून, हवेतून वर्षभरात जेवढा डोस मिळतो, त्याच्या निम्म्याच्या आसपासची ही गोष्ट आहे. पण मला हे पुन्हा मोजून कागदावर आणता आलं पाहिजे. आत्ता माझ्याकडे आहेत एकमेकांना खोटं पाडणारे दोन नमुने. त्यांच्या जोरावर मी कोणाचं तोंड बंद करणार?

तेव्हा एक नवा डबा दे. तू जे खरंच खातोस तेच त्यात भर. पंधरा तारखेला अहवाल साहेबांकडे जातो.

हिना

*

डहाणू, ९ मार्च

दादा,

तुझी चिठ्ठी हेतलने लॅबच्या वॉचमनकडे ठेवली आणि मला न भेटता गेली. ‘लिही काय लिहायचं ते. तुला आकडेच प्यारे. डबाबिबा कोणी देणार नाय.’

ठीक आहे. आता मला जे लपवून चालणार नाही ते लिहिते, कारण पंधरा तारीख जवळ आली आहे आणि मला झोप लागत नाही.

गेल्या पत्रात ‘कुणीतरी सांगितलं’ असं लिहिलं होतं. ते कुणीतरी म्हणजे मीच. नमुने आणायला बोर्डीला गेले होते. वहिनी चिंचेखाली बसली होती. पदर डोक्यावर, पुढ्यात भरलेली टोपली. दुपारचा एक वाजला होता, आणि त्या टोपलीवरचा ओला फडका तिने एकदाही बाजूला केला नव्हता, कारण दाखवायला कोणी थांबतच नव्हतं. एक बाई थांबली, वास घेतला, आणि दुसरीने तिला कोपराने ढोसल्यावर पुढे गेली. वहिनीने वर बघितलं. मी गाडीच्या काचेमागे होते. तिने मला ओळखलं. मी ड्रायव्हरला म्हटलं, चला.

आता दुसरं. बातमी बकुळाताईंनी फोडली हे खरं, पण त्यांच्या तोंडात ती मीच घातली. मी त्यांना म्हटलं होतं, ‘चौदा नंबरचा आकडा भलताच आलाय, त्या घरावर जरा लक्ष ठेवा, काहीतरी लपवतात ती माणसं.’ लक्ष ठेवायला सांगितलेली बाई बाजारात गप्प बसेल? माझ्या नोंदवहीतही त्या डब्यासमोर मी लाल शाईने लिहिलंय: ‘नमुना खोटा. छेडछाड.’ तेही त्यांनी वाचलं असणार.

म्हणजे तुझ्या बायकोच्या टोपलीवर पाय मी दिला. तू नाहीस.

हे कबूल करूनसुद्धा दादा, माझा संशय जात नाही. तो डबा मी स्वतः उघडला होता. त्यातलं पापलेट असं होतं की पंगतीला वाढावं. अख्खं, डोक्याशेपटीसकट, पोटात हिरवं वाटण भरलेलं, केळीच्या पानात गुंडाळलेलं. भाताची वाटी करून पालथी घातलेली, वर लिंबाची फोड. मोजायला पाठवलेल्या जेवणावर लिंबाची फोड कोण ठेवतं? बनाव करणाराच ठेवतो. मला तेव्हा इतका राग आला की मी वासही घेतला नाही. सरळ मिक्सरमध्ये घातलं.

तू खुलासा दिला नाहीस तर अहवालात चौदा नंबरसमोर मला ‘छेडछाड’ असंच लिहून पाठवावं लागेल. ते एकदा गावात पोचलं की वहिनीची टोपली कायमची बसली. मला ते करायचं नाही. मला ते करायला लावू नकोस.

हिना

*

डहाणू, १३ मार्च

वहिनी,

हे पत्र दादाला नाही, तुला आहे. हेतल, तू वाचून दाखवते आहेस ना, तर रडू नकोस आणि मधलं काही गाळू नकोस.

काल हेतल आली. या वेळी वॉचमनपाशी थांबली नाही, थेट माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, बोटीचे कागद शोधताना माझ्या बाबाच्या पत्र्याच्या पेटीत तुझी तीन पत्रं सापडली, एकही फाडलेलं नव्हतं. म्हणाली, मी ती आईला वाचून दाखवली, आणि आईने सांगितलं तसं लिहून आणलंय. कागद माझ्यापुढे ठेवून ती उभी राहिली. तो मी इतक्यांदा वाचलाय की पाठ झालाय. तुझे शब्द तुलाच परत लिहिते, म्हणजे मी वाचले याची तुला खात्री पटेल.

‘हिनाबेन, डबा मी भरला. कॅन पण माझा. तुझ्या भावाला यातलं काय ठाऊक नाय, तो दर्यावर होता. बकुळा आली ती म्हणाली, तुमची नणंद हाय लॅबमध्ये, डबे तीच उघडते. मंग मी हो म्हटलं. घरच्या मालकाचं नाव विचारलं तर मी तुझ्या भावाचं दिलं, कोण खाणार ते तिनं वेगळ्या कागदावर माझं लिवलं.

कॅनला बाकीच्या बायका लाजल्या. मी म्हटलं, नणंदेच्या हातात जाणार, तिच्यापुढं कसली लाज? तिची वेणी घातली मी, तिचा ताप काढला.

पण ताटात जवळा कसा घालू? मी तर सगळे जेवले की पातेल्यात राहतो तो जवळा न् भाकरी खाते, मांदेलीची डोकी चावते. ते तुला धाडू? नऊ वरसांनी? तू धाव्वीत होतीस तवा म्हणालेलीस, पास झाले तर एक अख्खं पापलेट मना एकटीला. तू पास झालीस न् सासूबाईंनी ते पापलेट विकलं. तू काय बोलली नाय, पण मी तुझं तोंड बघितलं होतं. माझ्या ध्यानात राहिलं.

डबा भरायच्या आदल्या दिवशी तुझ्या भावाच्या जाळ्यात एक चांगलं आलं. मी लपवलं, त्याला सांगितलं मांजरानं नेलं. चार दिस तो मांजराच्या मागं काठी घेऊन फिरला. बकुळानं विचारलं, रोजचंच जेवण का? मी म्हटलं, होय रोजचंच. नाहीतर तू म्हणाली असतीस, वहिनी माझ्यासाठी जीव आटवते. तू खाल्लंस का ते? मीठ बरोबर होतं?’

वहिनी, मीठ बरोबर होतं का ते मला माहीत नाही.

आता मी काय केलं ते ऐक. तुला कोणीतरी सांगायला हवं, आणि ते मीच सांगायला हवं. तुझं पापलेट, भात, भाकरी, लिंबाची फोड, केळीचं पान तेवढं काढून, सगळं मी मिक्सरमधून फिरवलं. त्याचा एक वाटा काचेच्या भांड्यात घेऊन नायट्रिक ॲसिड ओतलं. पिवळा धूर निघाला. भट्टीत जाळत नाही आम्ही, जाळलं की पोलोनियम उडून जातं, म्हणून हळूहळू उकळवतो. दोन दिवस उकळवलं. काटे विरघळले, सगळं पाण्यासारखं झालं. मग त्यात चांदीची एक छोटी चकती सोडली. पोलोनियम तिच्यावर बसतं. ती चकती यंत्रात ठेवून मी मोजत बसले. मोजून झाल्यावर लाल शाईने लिहिलं, ‘खोटा’.

सगळ्या झाईतून तूच एकटी खरं बोललीस. कॅन खरा होता. मी आज बाकीचे कागद काढून बघितले. झाईच्या प्रत्येक डब्यात सुरमई, पापलेट, कोलंबी, एका घराने तर श्रीखंड घातलंय! लॅबची माणसं आलीत, त्यांना जवळा कसा देणार. हा अहवाल असाच गेला असता तर कागदोपत्री झाईचे लोक रोज पंगत झोडतात असं ठरलं असतं, आणि त्या पंगतीवरून तुमचा डोस काढला गेला असता. मी त्याच आळीत वाढले. पाहुण्याला काय वाढतात हे मला ठाऊक होतं. मी पाहुणी झाले आहे, तेवढं मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं.

साहेबांना सकाळीच सगळं सांगितलं. यादी चोरून बघितली तेही. ते म्हणाले, झाईचे सगळे डबे रद्द, दुसऱ्या कोणीतरी घरोघर जाऊन पुन्हा घ्यायचे, तुम्ही आता नमुन्यांना हात लावायचा नाही. माझं पुढे काय होईल ते एप्रिलमध्ये कळेल. होऊ दे. चौदा नंबरसमोरचे ते लाल शाईतले शब्द मी सहीनिशी खोडले आहेत.

दादाला सांग, मांजराची माफी माग. आणि माझ्याकडून त्याला एवढंच सांग, की बाराव्याला त्याने मला आकडा विचारलाच नव्हता. तो रडत होता, आणि मी त्याला उत्तर दिलं.

शनिवारी सकाळी मी बोर्डीला चिंचेखाली येते. गाडीने नाही, बसने. तुझ्या टोपलीशेजारी बसणार आहे, सगळी मासळी उठेपर्यंत. ज्या बाईला किरणांचं विचारायचं असेल तिने मला विचारावं. मी फडका बाजूला करून त्यातला जवळा सगळ्यांसमोर चिमटीने खाणार आहे. बकुळाताईंनाही बोलावलंय. बातमी पसरवायला त्यांच्याइतकं पटाईत कोणी नाही, आता खरी पसरवू देत.

नंतर घरी येईन, दादाने बॅग रस्त्यावर ठेवली तर बॅगेवर बसेन. पापलेट करू नकोस. आणलंस तर मी ते घेऊन अच्छाडला विकून येईन. सगळ्यांना आधी वाढ. सगळे जेवून उठले की पातेल्यात जे राहील ते आपण दोघी खाऊ.

नऊ वर्षांनी तू मला जेवायला घातलंस, वहिनी, आणि मी ते ॲसिडमध्ये उकळवलं. शनिवारी मीठ बरोबर आहे का ते सांगेन.

तुझी
हिना